गारवा आणि सलामती

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण ऐकली नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. पेढी बुडालेला व्यापारी, परीक्षेंत घसरलेला विद्यार्थी आणि हातची कपाशी गेलेला कास्तकार ह्या तिघांचेंही सांत्वन आमच्या वऱ्हाडांत ह्या एकाच म्हणीनें होतें. म्हणींतला खरा वजनदार शब्द कोणता, असें कोणीं विचारलें तर बहुतेक जण पगडीकडे बोट दाखवितील, कांहीं जण शिराकडे. आम्हांस विचाराल तर तो शब्द ‘सलामत’ हा होय. पगड्या पन्नास मिळतात, आणि शिर प्रत्येकास एक असतेंच. प्रश्न एवढाच, कीं तें जागच्या जागीं, न फुटतां, न तुटतां, सगळेंच्या सगळें शाबूत राहिलें आहे कीं नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर एकटा ‘सलामत’ देतो. हा शब्द अरबी. सीन, लाम आणि मीम ह्या तीन अक्षरांच्या धातूपासून तो झाला, आणि त्याच धातूपासून सलाम, इस्लाम व मुस्लिम हे शब्द झाले. शेजारच्या घरांतील सलीम आणि सलमा हीं नांवेंही त्याच गोतांतलीं. आमच्याकडील आजीबाई पडलेल्या नातवाचें डोकें चांचपून ‘सलामत आहे हो’ म्हणतात, तेव्हां एका मोठ्या धर्मग्रंथाचा बीजशब्द त्यांच्या ओठीं असतो. आणि त्याचा अर्थही त्यांनीं अगदीं बरोबर केलेला असतो.

आपला स्वतःचा शब्द ‘शांति’. त्याचा धातु शम्. थांबणें, निवणें, विझणें हे त्याचे अर्थ. अग्नि शांत होतो, तहान शमते, वादळ शमतें, राग शांत होतो. प्रत्येक ठिकाणीं कांहीं तरी धगधगत होतें आणि मग तें उरलें नाहीं, असा भाव आहे. ही कल्पना हलकी आहे असें कोणीं समजूं नये. वैदिक ऋषींनीं शांतीचा उच्चार त्रिवार केला, आणि बुद्धानुयायांनीं आपल्या परमपदास विझलेल्या दिव्याचें नांव दिलें, तें उगीच नव्हे. मनाच्या आंतल्या जाळाला हाच उपाय. परंतु ऋषींचा हा शब्द सार्वजनिक व्यवहारांत उतरतां उतरतां आखडत गेला. वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते, तिचा अर्थ बोलूं नका एवढाच. आणि सणासुदीच्या आधीं पोलीस ठाण्याच्या आवारांत शांतता समितीची सभा भरते, तिचा अर्थ कांहीं घडूं देऊं नका एवढाच.

ह्या सभांना आम्ही अनेक वेळां बसलों आहों. दोन्ही समाजांतील वडीलधारी मंडळी, चार व्यापारी, एखादा वकील, आणि शोभेस एक प्राध्यापक अशी बैठक असते. बंधुभावावर भाषणें होतात, मिरवणुकीचा मार्ग व वेळ ठरते, चहा येतो, आणि मंडळी घरोघर जातात. सण पार पडतो. दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत ‘शांततेंत पार पडला’ अशी ओळ येते. ह्या सर्व प्रकारास हंसणें सोपें आहे, पण ज्यानें एकदां तरी भर बाजारांत दगड सुटलेला पाहिला आहे, तो हंसणार नाहीं. कांहीं न घडणें हीसुद्धां लहान गोष्ट नव्हे. तरी घरीं परततांना मनांत एक शंका राहतेच: कांहीं घडलें नाहीं, एवढ्यालाच शांति म्हणावयाचें काय? तिला स्वतःचें असें कांहीं रूप, कांहीं शरीर नाहींच काय? ह्या शंकेचा शोध घेतां घेतां आम्ही शेजाऱ्याच्या धर्मग्रंथापर्यंत गेलों.

वाशीम जिल्ह्यांत राहणारास हा रस्ता लांबचा नाहीं. जिल्हा म्हणून वाशीम नवा. अकोला जिल्ह्यांतून तो १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. परंतु गांव म्हणून वाशीम हें वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, आणि अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें मुख्य ठाणें होतें. जिल्ह्यांतील मंगरूळपीर ह्या गांवानें तर पीर आपल्या नांवांतच घेतला आहे. हयात कलंदर ह्यांचा दर्गा तेथें आहे, आणि त्याच गांवीं बिरबलनाथ महाराजांचें मंदिर आहे. अशा मुलखांत शब्दांची देवघेव कोणाची परवानगी घेऊन होत नसते. शिवछत्रपतींच्या काळीं रघुनाथपंडितांनीं राजव्यवहारकोश रचून दरबारी फार्शी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द बसविले. दरबारांत ते बसले असतील, पण म्हणींतून, खतांतून आणि कास्तकाराच्या तोंडून जुने शब्द हालले नाहींत. माधवराव पटवर्धन ह्यांनीं इ. स. १९२५ मध्यें फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां आपल्या घरांत परकें सामान किती आहे आणि तें किती आपलें होऊन गेलें आहे, हें मराठी वाचकास एकत्र पाहावयास मिळालें.

ह्या वाटेनें आमच्या आधीं थोर माणसें गेलीं आहेत. साने गुरुजींनीं पैगंबरांचें चरित्र मराठींत लिहिलें. पवनारच्या विनोबांनीं कुराण मुळांतून वाचतां यावें म्हणून अरबी भाषेचा अभ्यास केला, आणि पुढें इ. स. १९६२ मध्यें त्यांचा ‘कुराणसार’ निघाला. आम्ही त्या पंक्तीस बसणारे नव्हे. इंग्रजी काव्य शिकविण्यांत तीस वर्षें गेल्यामुळें कोणत्याही ग्रंथांत आमची नजर प्रथम रूपकाकडे जाते, इतकाच आमचा अधिकार. दोन-तीन भाषांतरें समोर ठेवून, आणि जेथें अडलें तेथें गांवांतील एका वयोवृद्ध मौलवीसाहेबांस विचारून, आम्हीं कुराणांतील शांतीचीं रूपकें टिपूं लागलों. पहिलेंच नवल हें, कीं तीं रूपकें आम्हांस परकीं वाटलीं नाहींत. त्यांतले अर्धे शब्द आमच्याच दप्तरांत पडून होते.

पहिला शब्द ‘सकीना’. जुन्या खतांतून मनुष्याच्या नांवापुढें ‘साकीन मौजे अमुक’ असें लिहिलेलें असे. साकीन म्हणजे वस्ती करून राहणारा. सकीना ही त्याच धातूची. ईश्वराकडून माणसांच्या हृदयांत जी स्थिरता उतरते, तिला कुराणांत हें नांव आहे. त्याच धातूपासून झालेले शब्द दुसरीकडे अगदीं घरगुती गोष्टींसाठीं आले आहेत: दिवसाचें काम आटोपल्यावर येणाऱ्या रात्रीसाठीं, डोक्यावर छप्पर धरणाऱ्या घरासाठीं, आणि पतिपत्नींना परस्परांच्या ठिकाणीं जो विसांवा मिळतो त्यासाठीं. शांति म्हणजे घरीं येऊन टेकणें, असा ह्या रूपकाचा भाव. मात्र ही सकीना उतरते कोठें? सुखवस्तु वाड्यांत नव्हे. मक्का सोडून निघालेले पैगंबर एका सोबत्यासह गुहेंत लपले आहेत, पाठलाग करणारे जवळ आले आहेत, सोबत्याचा धीर सुटत आहे. अशा वेळीं ती उतरते. ज्याला घर उरलें नाहीं त्याच्याच हृदयांत घर उतरून येतें.

ह्याच धातूचा आणखी एक शब्द मराठींत आहे. तो म्हणजे ‘मिस्कीन’. गरीब, दीन, बापडा. दारिद्र्यानें ज्याची हालचालच थांबविली तो मिस्कीन, अशी त्याची उपपत्ति सांगतात. हें वाचलें तेव्हां आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. स्थिरता दोन प्रकारची असते हें त्या एका धातूनें किती सहज सांगितलें! एक घरीं पोंचलेल्याची, आणि दुसरी हातपाय हालवितां येत नाहीं त्याची. बाहेरून पाहणारास दोन्ही सारख्याच दिसतात. गांव शांत आहे, असें आपण म्हणतों, तेव्हां तें साकीन आहे कीं मिस्कीन आहे, हें विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ पुरा होत नाहीं.

घराचें हें रूपक पुढें आणखी वाढतें. ‘दारुस्सलाम’, म्हणजे सलामतीचें घर, हें कुराणांतील स्वर्गाचें एक नांव. आणि ईश्वर त्या घराकडे माणसांना बोलावीत असतो असें म्हटलें आहे. अब्बासी खलीफा मन्सूर ह्यानें इ. स. ७६२ मध्यें बगदाद वसविलें, तेव्हां त्या शहरास सलामतीची नगरी असें नांव दिलें. इ. स. १२५८ मध्यें मोंगलांनीं तेंच शहर धुळीस मिळविलें. नांव दिल्यानें घर उभें राहत नाहीं, हा ह्यांतला धडा. एका ठिकाणीं श्रद्धावंतांना ‘सिल्म’मध्यें पुरतेपणीं प्रवेश करावयास सांगितलें आहे. भाष्यकार बहुधा तेथें सिल्म म्हणजे इस्लाम असा अर्थ करतात. पण शब्द प्रवेशाचा आहे, आणि पुरतेपणीं असें बजावलें आहे, हें आम्हांस महत्त्वाचें वाटलें. एक पाय उंबऱ्याच्या आंत आणि एक बाहेर, अशा स्थितींत कोणीही घरांत असत नाहीं. आणि रमजानमधील त्या थोर रात्रीचें वर्णन पाहा. ती रात्र उजाडेपर्यंत सगळीच्या सगळी सलाम आहे, असें सांगितलें आहे. अंधार असूनही मनुष्य सुखरूप असूं शकतो, ही कल्पना ज्यानें वाळवंटांत रात्र काढली त्यालाच सुचावी.

आतां ज्या रूपकासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतों. इब्राहीम पैगंबरांनीं लोकांच्या मूर्ति फोडल्या म्हणून लोकांनीं त्यांना जाळांत टाकण्याचें ठरविलें. आपल्याकडील प्रल्हादाची कथा ज्यानें ऐकली आहे त्याला पुढें काय होणार हें सांगावयास नको. परंतु कुराणांतील कथेचा एक बारकावा सहज नजरेंतून निसटतो. ईश्वर ती आग विझवीत नाहीं. पाऊस पडत नाहीं, वारा सुटत नाहीं. ईश्वर आगीशीं बोलतो आणि इब्राहीमसाठीं तिला दोन गोष्टी व्हावयास सांगतो: गारवा हो, आणि सलाम हो. आम्हांस प्रश्न पडला, कीं आग गार झाली म्हणजे काम भागलें. मग पुढचा सलाम कशाला? वैशाख महिन्यांत वाशिमाच्या रस्त्यावरून दुपारीं बाराला चालून घरीं आलेल्या मनुष्यास गारव्यापलीकडे कांहीं मागावेंसें वाटत नाहीं.

मौलवीसाहेबांस हें विचारलें तेव्हां ते मिश्किलपणें हंसले. म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, नुसतें ‘गार हो’ म्हटलें असतें, तर इब्राहीम अलैहिस्सलाम गारठून गेले असते. थंडीनेंही माणूस मरतो ना?”

हा कांहीं त्यांचा विनोद नव्हता. जुन्या भाष्यांतून इब्न अब्बास ह्यांच्या नांवावर हेंच स्पष्टीकरण आलें आहे, असें त्यांनीं पुढें सांगितलें. आम्हांस मात्र त्या क्षणीं शांतता समितीची शंका आठवली आणि तिचें उत्तर हातीं आलें. आपण आजवर मागत आलों तो नुसता गारवा. जाळ नको, धूर नको, आवाज नको. आणि गारवा मिळतोही. पण त्या गारव्यांत माणसें गारठूं लागतात, हें कोणाच्या नजरेस येत नाहीं.

एक उदाहरण देतों. आमचा एक विद्यार्थी, मुसलमान, लहानशा खेड्यांतून आलेला, वर्षारंभीं भाड्याची खोली शोधीत होता. पांच घरीं विचारून आला. कोणींही त्याला उणा शब्द बोललें नाहीं. एके ठिकाणीं खोली कालच गेली होती, दुसरीकडे रंगकाम काढावयाचें होतें, तिसरीकडे पाहुणे येणार होते. सगळीकडे त्याला बसावयास सांगितलें, एका घरीं पाणीही दिलें. दगड नाहीं, शिवी नाहीं. वृत्तपत्राच्या भाषेंत सर्व कांहीं शांततेंत पार पडलें. उलट बाजूसही असेंच एक दार हळूच लागतांना आम्हीं पाहिलें आहे, म्हणून हा दोष एकाच अंगणांत नेऊन टाकण्याची आमची इच्छा नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच, कीं हा गारवा खराच आहे, आणि त्यांत सलाम नाहीं.

येथें चिकित्सक वाचक हात वर करील, आणि त्यानें तो करावाच. तो म्हणेल, तुम्ही वेंचून वेंचून गोड शब्द दाखवीत आहां. त्याच ग्रंथांत युद्धाच्या आज्ञाही आहेत, त्यांचें काय? आहेत. त्या झांकून ठेवून शांतीचें व्याख्यान देणें हा प्रामाणिकपणा नव्हे. उलट आम्हांस जें दिसलें तें असें, कीं ह्या ग्रंथांतील शांतीचीं कांहीं सर्वांत सुंदर रूपकें युद्धाच्या अगदीं शेजारींच उभीं आहेत. एका वचनांत रणांगणावर शत्रूशीं गांठ पडली असतां काय करावें तें सांगितलें आहे. पण त्याच वचनांत, युद्ध आपलीं ओझीं खालीं ठेवील तोंपर्यंत, अशी मर्यादा घातली आहे. युद्ध हें जणूं पाठीवर गोण्या लादलेला हमाल. तो चालला आहे तोंवर चालला आहे. पण कोणताही हमाल ओझें वाहण्यासाठीं ओझें वाहत नाहीं, तो उतरविण्याची जागा शोधीत असतो. दुसऱ्या एका ठिकाणीं सैन्य सज्ज ठेवण्याची आज्ञा आहे, आणि लगेच पुढच्या वचनांत, शत्रु शांतीकडे झुकला तर तूंही झुक, असें सांगितलें आहे. ‘झुकणें’ ह्यासाठीं तेथें जें क्रियापद आहे, त्याच्याच धातूपासून अरबींत पंख ह्या अर्थाचा शब्द झाला आहे. पक्षी वळतो तेव्हां आधीं एक पंख कलतो. तसें हें झुकणें.

पंखाचें रूपक पुढेंही येतें. वृद्ध आईबापांपुढें मुलानें नम्रतेचा पंख खालीं करावा, आणि खुद्द पैगंबरांनीं आपल्या अनुयायांवर पंख खालीं करावा, अशा आज्ञा आहेत. ह्यांत पंख कोणाचा खालीं होतो हें पाहण्याजोगें आहे. म्हातारा बाप दुबळा झालेला असतो. मुलगा भरांत असतो. अनुयायी आर्जवी असतात. पैगंबरांच्या हातीं सत्ता असते. दोन्ही ठिकाणीं पंख बलवानाचा खालीं यावयाचा आहे. कोंबडी पिलांवर पंख धरते. पिलांनीं कोंबडीवर धरावा असें कोणी म्हणत नाहीं. आपल्याकडे शांतता राखण्याचा उपदेश बहुधा दुबळ्यासच केला जातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या रूपकाची धार कळते.

आणखी एक मराठी शब्द घेऊं, ‘फत्ते’. मोहीम फत्ते झाली, असें आपण म्हणतों. तो अरबी ‘फतह’. त्याचा मूळ अर्थ उघडणें. कुराणाच्या पहिल्या अध्यायाचें फातिहा हें नांव त्याच धातूचें, कारण तो ग्रंथ उघडतो. इ. स. ६२८ मध्यें पैगंबर सुमारें चौदाशें सोबत्यांसह मदीनेहून मक्केच्या यात्रेस निघाले. हुदैबिया येथें मक्केच्या कुरैशांनीं त्यांस अडविलें, आणि तेथें तह झाला. तहाचीं कलमें ऐकून सोबत्यांचे चेहरे उतरले. दहा वर्षें युद्ध बंद, हें ठीक. पण ह्या वर्षीं यात्रा न करितांच परत फिरावयाचें. मक्केहून कोणी पळून मदीनेस आला तर त्याला परत धाडावयाचें, आणि मदीनेहून कोणी मक्केस गेला तर त्यांनीं मात्र त्याला परत धाडूं नये! मसुद्यांत ‘ईश्वराचा प्रेषित’ अशी अक्षरें होतीं, त्यांवर कुरैशांच्या वकिलानें हरकत घेतली. तीं खोडावयास अलींचा हात धजेना, तेव्हां पैगंबरांनीं स्वतः तीं पुसून टाकविलीं. उमरांसारख्या निष्ठावंताच्याही मनांत खळबळ माजली. परततांना वाटेंतच जो अध्याय अवतरला, त्याच्या आरंभीं ह्या तहाला उघड फत्ते असें म्हटलें आहे.

लौकिक दृष्टीनें ही माघार होती. पण शब्दाचा मूळ अर्थ धरला तर वर्णन यथार्थ आहे. कांहीं तरी उघडलें होतें. दोन गांवांतील वाट उघडली, येणेंजाणें सुरू झालें, माणसें एकमेकांशीं बोलूं लागलीं. त्याच अध्यायांत कुरैशांच्या अंतःकरणांतील अहंतेच्या तापाचा उल्लेख आहे, आणि त्याच्या समोर ह्यांच्या अंतःकरणांत उतरलेल्या सकीनेचा. ताप असलेल्याला अक्षरांचा मान मोठा वाटतो. सकीना असलेल्याला वाट.

उघडण्याचा हा अर्थ समजून घेण्यास आम्हांस अरबस्तानांत जावें लागत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत मालेगांव तालुक्यांत शिरपूर आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ति जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर ह्या दोन्ही पंथांस पूज्य. पूजेच्या हक्काचा वाद विसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा, आणि तो थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. इ. स. १९८१ पासून मंदिरास कुलूप पडलें. अहिंसेचें व्रत सर्वांत कडक पाळणाऱ्या लोकांना आपल्या देवाचें दर्शन चाळीसांहून अधिक वर्षें बंद दाराच्या झरोक्यांतून घ्यावें लागलें. त्या काळांतही तेथें शांतता होती, पण ती कुलपाची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इ. स. २०२३ मध्यें दार उघडलें. आणि दार उघडतांच वाद मिटला असेंही झालें नाहीं. ह्यावरून उघडण्यापेक्षां कुलूप बरें, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही काढीत नाहीं. कुलूप वाद मिटवीत नाहीं, तो जपून ठेवतें. दार उघडलें म्हणजे तो पुन्हा माणसांच्या हातीं येतो, आणि माणसांनींच तो मिटवावयाचा असतो.

शेवटीं राहिला तो रोजचा सलाम. मराठीनें ह्या एका शब्दावर थोडा अन्याय केला आहे. आपण ‘सलाम ठोकतों’, म्हणजे सत्तेपुढें वांकतों. दरबारांच्या काळांत त्याला हा अर्थ चिकटला. मूळांत तो वांकणें नव्हे, हमी आहे: माझ्याकडून तुला धोका नाहीं, तूं माझ्यापाशीं शाबूत आहेस. ज्याच्या जिभेपासून आणि हातापासून लोक सलामत राहतात तो मुसलमान, असें पैगंबरांचें एक प्रसिद्ध वचन हदीसग्रंथांत आहे. त्यांतही आधीं जीभ आहे आणि मग हात. कुराणांत तर रणभूमीवरसुद्धां, जो तुम्हांस सलाम करतो त्याला लुटीच्या लोभानें ‘तूं आमच्यांतला नव्हेस’ असें म्हणूं नका, अशी ताकीद आहे. आणि कोणी तुम्हांस अभिवादन केलें, तर त्याहून चांगलें उत्तर द्या, निदान तेवढें तरी परत करा, असा नियम घातला आहे. सलाम हा अशा रीतीनें एक लहानसा कर्जव्यवहारच होतो. पहिल्यानें दिलेलें दुसऱ्यानें वाढवून परत करावयाचें, आणि मग तें फेडण्याची पाळी पुन्हा पहिल्याची.

शांतता समितीला आम्ही पुढेंही जाऊं. आग लागली असतां पहिली गरज गारव्याचीच असते, आणि तो आणून देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे आभार मानले पाहिजेत. फक्त ईश्वराच्या आज्ञेचा उत्तरार्ध त्याच्यावर सोंपवून आपणांस घरीं जातां येणार नाहीं. गारवा हुकुमानें आणतां येतो. सलामती ही एकेका दाराशीं, एकेका माणसानें द्यावयाची वस्तु आहे.

त्या विद्यार्थ्यास खोली अखेर मिळाली. सहाव्या घरीं एक निवृत्त शिक्षिकाबाई एकट्या राहत होत्या. त्यांनीं कुराण वाचलेलें नाहीं, आणि सकीना हा शब्द त्यांना बहुधा शेजारणीचें नांव म्हणूनच ठाऊक असेल. त्यानें आपलें नांव, गांव सांगितलें आणि नमस्कार केला. बाईंनीं किल्ली त्याच्या हातीं ठेवली आणि विचारलें, “जेवायची सोय काय केलीस रे, बाळा?”